दिवाळं निघायची वेळ आली, तर पोटाची गाडी वाचते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या खेड्यात गाडी गेली की कमाई गेली. पिकअप, छोटा हत्ती, ॲपे, काळी-पिवळी, नाहीतर ट्रॅक्टर: कापूस जिनिंगला, संत्रा वरुडला, भाजी आठवडी बाजाराला आणि पेशंट तालुक्याला याच गाड्यांवर जातात. मी तालुक्याच्या विधी सेवा समितीत स्वयंसेवक आहे. चहूकडून कर्ज अंगावर आलेली माणसं येतात, तेव्हा घरापेक्षाही आधी गाडीचं विचारतात. त्यांचेच प्रश्न इथे घेतले आहेत.

कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज टाकला, तर फायनान्सवाल्यांना गाडी नेता येणार नाही ना?

नेता येते. गैरसमज सगळ्यात जास्त इथेच आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

आपल्याकडे साध्या माणसाला, म्हणजे शेतकरी, ड्रायव्हर, दुकानदार यांना लागू होतो तो १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. मुंबई, कोलकाता, चेन्नई या तीन शहरांसाठी १९०९ चा वेगळा कायदा आहे. बाकी ठिकाणी, म्हणजे यवतमाळ असो की गडचिरोली, जिल्हा न्यायालयात १९२० चाच चालतो. त्याच्या कलम २८ प्रमाणे कोर्टाने तुम्हाला नादार, म्हणजे दिवाळखोर, ठरवलं की तुमची मालमत्ता कोर्टाच्या किंवा ती सांभाळायला कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. त्यानंतर तारण न घेता उधार देणाऱ्यांना, म्हणजे हातउसने देणारा, किराणावाला, खताचा दुकानदार यांना कोर्टाच्या परवानगीशिवाय तुमच्यावर दावा लावता येत नाही. हा दिलासा खरा आहे.

पण त्याच कलमाच्या पोटकलम ६ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की, ज्याच्याकडे वस्तू तारण आहे त्याचा त्या तारणावरचा हक्क तसाच राहतो. तुमचं आरसी बुक काढून बघा. मालकाच्या नावाखाली फायनान्स कंपनीचं किंवा बँकेचं नाव छापलेलं असेल, तर गाडीवर एचपी आहे, म्हणजे गाडी तारण आहे. हप्ते थकले असतील, तर कोर्टातला अर्ज त्या गाडीला वाचवत नाही. उलट, गाडी विकून कर्ज फिटल्यावर काही रक्कम उरलीच, तर तीही तुमच्या हातात न येता रिसीव्हरकडे जाते.

म्हणून अर्ज लिहायच्या आधी मी प्रत्येकाला आरसी काढायला लावतो.

पण नवीन कायद्यात कामाची गाडी सुटते, असं मोबाइलवर पाहिलं.

कायद्यात तसं लिहिलेलं आहे, यात खोटं काही नाही. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ च्या कलम ७९ मध्ये जप्तीबाहेर ठेवायच्या वस्तूंची यादी आहे. त्यात नोकरी-धंद्यासाठी लागणारी हत्यारं, पुस्तकं आणि वाहनंसुद्धा आहेत.

तरी दोन अडचणी आहेत. एक, ती सूट फक्त बोजा नसलेल्या वाहनाला आहे. एचपी असलेली गाडी तिथेही सुटत नाही. दुसरी अडचण मोठी आहे. संहितेचा माणसांसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांसाठी. पिकअप चालवणाऱ्याला, शेतकऱ्याला तो अजून लागू केलेला नाही. गरिबांसाठी त्यात कर्जातून थेट मोकळं होण्याची तरतूद होती: वर्षाला ६०,००० पर्यंत उत्पन्न, २०,००० पर्यंत मालमत्ता, ३५,००० पर्यंत कर्ज. तीही कागदावरच पडून आहे. ज्यांच्यासाठी ती लिहिली गेली, त्यांना इतकी वर्षं तिचा लाभ नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझ्या गाडीचं कर्ज फिटलं आहे. आता बाकी आहे ते पतसंस्थेचं आणि दुकानदारांचं. मग तर गाडी माझीच ना?

तुमची आहे, पण जप्तीतून सुटलेली नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये काय जप्त करता येत नाही ते दिलं आहे: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, पोटापुरती जनावरं आणि बियाणं, शेतकऱ्याचं राहतं घर. वाहनाचं नाव तिथे नाही. १९०८ च्या कायद्यात छोटा हत्ती कुठून येणार? ‘माझी गाडी हेच माझं हत्यार’ असा मुद्दा वकील मांडू शकतो आणि मांडावाही. पण त्याच्या भरवशावर अर्ज करू नका.

पतसंस्थेबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण गावात सगळ्यात लवकर वसुली तिथूनच सुरू होते. पतसंस्थेला दिवाणी कोर्टात जावंच लागतं असं नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली ती निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळवते आणि वसुली अधिकारी थेट जप्तीला येतो. दाखला देण्याआधी निबंधक कार्यालयात सुनावणीची नोटीस येते. त्या तारखेला जा. व्याज चुकीचं लावलं असेल, भरलेली रक्कम खात्यात दिसत नसेल, तर ते लेखी द्या. एकदा दाखला निघाला की त्याविरुद्ध फेरतपासणीचा अर्ज करायला वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. जवळ पैसा नसलेल्या माणसासाठी तो रस्ता बंद झाल्यातच जमा आहे.

फिटलेली गाडी नादारीतही राखण्याचा एक मार्ग १९२० च्या कायद्यात आहे. तो फार कोणी सांगत नाही. कलम ३८ प्रमाणे, नादार ठरल्यावर तुम्ही कोर्टापुढे तडजोडीचा प्रस्ताव ठेवू शकता: गाडी माझ्याकडे राहू द्या, तिच्या कमाईतून दरमहा इतके पैसे देतो. ज्यांचं येणं कोर्टात सिद्ध झालं आहे, त्यांच्यातले निम्म्याहून जास्त जण आणि रकमेच्या हिशेबाने तीन-चतुर्थांश येणं असलेले राजी झाले आणि कोर्टाला प्रस्ताव पटला, तर तो सगळ्यांवर बंधनकारक होतो. भंगाराच्या भावात गाडी विकून आपल्या वाट्याला काय येणार आणि गाडी चालू राहिली तर काय येणार, हा हिशेब समोर मांडला की दुकानदारांनाही तो समजतो.

ट्रॅक्टरला शेतीचं अवजार म्हणून सूट मिळते का?

कर्ज फिटलेला ट्रॅक्टर असेल, तुम्ही स्वतः वावर वाहत असाल आणि पोट शेतीवरच असेल, तर मागणी जरूर करा. पोटापुरतं काय लागतं, हे कोर्ट ठरवतं. ट्रॅक्टर भाड्याने मुरूम आणि रेती ओढत असेल, तर हा मुद्दा लंगडा पडतो. ट्रॅक्टरवर कर्ज असेल, तर एचपीचं जे वर सांगितलं तेच इथेही.

हप्ते थकले आहेत, पण गाडी अजून दारात आहे. आता काय करू?

खरं काम इथेच आहे. गाडी वाचते ती बहुतेक वेळा कोर्टात जाण्याआधी, फायनान्सच्या टेबलावर.

हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीएमध्ये, म्हणजे थकीत कर्जांच्या यादीत, जातं. त्याआधी कंपनीला ऐकण्यात रस असतो, नंतर फाइल वसुलीवाल्यांकडे जाते. पहिला हप्ता चुकणार असं दिसताच शाखेत जा आणि लेखी अर्ज द्या. कारण नेमकं लिहा: सोयाबीन पाण्यात गेलं, इंजिन बांधावं लागलं, जिनिंगकडे भाड्याचे पैसे अडकले. मागणीही नेमकी करा: मुदत वाढवून हप्ता कमी करा, किंवा कापसाच्या हंगामात मोठा आणि पावसाळ्यात लहान हप्ता ठेवा. ट्रॅक्टरच्या कर्जात सहामाही हप्ते असतातच, म्हणजे हंगामाप्रमाणे हप्ता ही काही जगावेगळी मागणी नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. फोनवर ‘हो, बघतो’ म्हणालेलं पुढे कुठेच चालत नाही.

त्यासोबत खात्याचा उतारा मागा. २०२४ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की, हप्ता चुकल्याबद्दल दंडाचं व्याज लावता येत नाही, दंड-शुल्क लावता येतं, आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. उताऱ्यात ते चढलेलं दिसलं, तर कमी करून मागा.

आता पैसा थोडा आणि देणी खूप, तर आधी कोणाचं भरायचं? माझं मत स्पष्ट आहे. गाडीवर पोट असेल, तर आधी गाडीचा हप्ता आणि विमा, मग बाकीचे. क्रेडिट कार्डवाला दिवसातून दहा वेळा फोन करतो म्हणून त्याला आधी देऊ नका. त्याच्याकडे तारण काही नाही, त्याला कोर्टातून यावं लागतं. पीक कर्जाची तारीख मात्र सांभाळा. वेळेत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज शून्य टक्क्यावर पडतं. मुदत हुकली की ती सवलत गेली.

आणि नादारीचा अर्ज करायचं ठरलंच असेल, तर अर्जाच्या तोंडावर एखाद्याच पाहुण्याचे किंवा मित्राचे पैसे चुकते करू नका. अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एकाला झुकतं माप देऊन केलेला भरणा कोर्ट रद्द करू शकतं.

गाडी काही केल्या झेपत नसेल, तर ती ओढून नेण्याची वाट बघू नका. समजा कर्ज ३ लाख उरलं आहे आणि बाजारात गाडीला ४ लाख मिळतात. फायनान्सची लेखी संमती घेऊन तुम्हीच गिऱ्हाईक आणलं, तर कर्ज फिटून लाखभर हातात राहतात. त्यात एखादी जुनी ॲपे येऊ शकते आणि धंदा थांबत नाही. तीच गाडी लिलावात गेली, तर कमी भाव, वर उचलण्याचा खर्च आणि यार्डाचं भाडं. मग गाडी जाऊनही बाकी तुमच्याच डोक्यावर राहते.

वसुलीवाले रस्त्यात गाडी अडवून चावी मागतात. द्यावी लागते का?

जबरदस्तीने घेता येत नाही. बँकांनी वसुलीसाठी गुंड पाठवू नयेत, कायदेशीर मार्गानेच जावं, हे सुप्रीम कोर्टाने २००७ मध्येच बजावलं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वसुलीवाल्याने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, घरच्यांना किंवा शेजाऱ्यांना त्रास द्यायचा नाही. त्याच्याकडे ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र असलं पाहिजे. करारात गाडी परत घेण्याचं कलम असतं, हे खरं. पण त्यातही नोटीस किती दिवसांची, ताबा कसा घेणार आणि विकण्याआधी पैसे भरायची शेवटची संधी, हे सगळं लिहिलेलं असावं लागतं.

शांतपणे सांगा, ‘कागद दाखवा, मी ताबा देत नाही.’ मोबाइलवर रेकॉर्ड करा, ११२ लावा. गाडीत माल किंवा पेशंट असेल, तर तेही रेकॉर्डमध्ये येऊ द्या. मारामारी मात्र करू नका. गाडीच्या भांडणातून फौजदारी केस ओढवली, तर दोन्हीकडून बुडाल. कोर्टाचा आदेश घेऊन कोणी आलं, तर गाडी द्या आणि प्रत घ्या.

मुंबई किंवा चेन्नईहून लवादाचं, म्हणजे कोर्टाबाहेर वादाचा निकाल देणाऱ्या पंचाचं, पाकीट येतं आणि लोक ते परत पाठवतात. घ्या आणि वकिलाला दाखवा. ज्याचा वादात हितसंबंध आहे, त्याने एकट्यानेच लवाद नेमणं चालत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं आहे. पण ती हरकत तुम्ही घ्यायला हवी. पाकीट परत पाठवून ती घेतली जात नाही.

गाडी उचलून नेली. आता काही होऊ शकतं?

होऊ शकतं, पण लिलावाआधी. यार्डात गाडी लावताना एक यादी भरतात: टायरची स्थिती, स्टेपनी, जॅक, बॅटरी, टेप, ताडपत्री. त्या यादीची प्रत मागा. दिली नाही, तर स्वतः जाऊन फोटो काढा. अनेक गाड्या सुटून येतात तेव्हा नवीन टायरच्या जागी गोटा झालेले टायर असतात आणि मालकाकडे कुठलाच पुरावा नसतो. तुमचं सामान, हिशेबाची वही, ताडपत्री हे तारण नाही, ते तुम्हाला परत मिळायला हवं.

त्याच दिवशी लेखी पत्र द्या: थकबाकी किती, किती भरल्यावर गाडी सोडाल, लिलावाची तारीख काय. लिलाव झालाच, तर विक्रीची रक्कम आणि खात्याचा हिशेब मागा. दाद मागायची दोन ठिकाणं आहेत. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. तिथे पैसे लागत नाहीत आणि १४४४८ वर मराठीत माहिती मिळते. दुसरं, जिल्हा ग्राहक आयोग. ‘गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहक नाही’ असं कंपनीचा वकील म्हणेल. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी मानलेली नाही. तुम्ही स्वतः गाडी चालवता, हे सिद्ध करा. लायसन्स, फेऱ्यांच्या पावत्या, बाजार समितीच्या गेट पावत्या जपून ठेवा.

गाडी बायकोच्या नावावर केली, साळ्याच्या गोठ्यात लपवली, नाहीतर स्टॅम्पवर विकून टाकली तर?

यातलं एकही करू नका. नादारीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांत खरा मोबदला न घेता केलेलं हस्तांतरण कोर्ट रद्द करू शकतं. मालमत्ता लपवली तर १९२० च्या कायद्यात कैदेची शिक्षा आहे. एचपीची गाडी परस्पर विकली, तर फसवणुकीची किंवा विश्वासघाताची तक्रार होते.

शंभराच्या स्टॅम्पवर गाडी विकण्याची आपल्याकडची रीत तर फारच धोक्याची. आरटीओत नाव बदललं नाही, तर अपघाताच्या भरपाईसाठी जबाबदार मालक तुम्हीच. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हे नक्की केलं आहे. गाडी गेली, पैसे संपले आणि कोणाच्या तरी अपघाताचा लाखोंचा दावा आपल्या नावावर आला, अशी वेळ कोणावर येऊ नये.

सावकाराने व्याजापोटी गाडी नेली आहे.

परवाना नसलेल्या सावकाराला महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे कोर्टातून वसुलीचा हुकूमनामा मिळत नाही आणि विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी तक्रार करा, आणि गाडी बळजबरीने नेली असेल तर पोलिसांत. चिठ्ठ्या, कोरे चेक दिल्याची तारीख, फोनपेच्या नोंदी, काहीही चालेल. गावात भीती असते, हे मला माहीत आहे. एकट्याने जाऊ नका, आमच्यापैकी कोणाला तरी सोबत घ्या.

कर्जमाफीत गाडीचं कर्ज बसेल का?

२०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आणि २०१९ ची महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना शेतीकर्जाच्या होत्या. प्रवासी गाडी किंवा पिकअपचं कर्ज त्यात नव्हतं. माफीची वाट बघत गाडीचे हप्ते थांबवू नका.

मी मोकळा झालो, तर जामीनदाराचं काय होईल?

तो मोकळा होत नाही. तुम्हाला कोर्टाने कर्जातून मुक्त केलं, तरी जामीनदाराची जबाबदारी तशीच राहते. भावाने किंवा जावयाने सही केली असेल, तर अर्ज करण्याआधी त्याला समोर बसवून सांगा.

पैसे फेडता आले नाहीत म्हणून जेल होते का?

नुसत्या गरिबीसाठी होत नाही. पैसे असून दडवले, तरच दिवाणी कैदेचा प्रश्न येतो. १९८० मध्ये सुप्रीम कोर्टाने हे ठरवून दिलं आहे. चेक परत गेल्याची कलम १३८ ची केस मात्र फौजदारी आहे आणि नादारीच्या अर्जाने ती थांबत नाही. तिचं समन्स आलं तर तारीख चुकवू नका.

मग नादारीचा अर्ज करावा तरी कोणी?

ज्याच्याकडे विकण्यासारखं फारसं उरलेलं नाही, बिनतारणाची देणी डोईजड झाली आहेत आणि दावे किंवा जप्ती मागे लागली आहे, त्याने. अर्जात प्रत्येक देणेकऱ्याचं नाव, पत्ता, रक्कम आणि तुमची प्रत्येक मालमत्ता लिहावी लागते. नादार ठरवताना कोर्ट मुक्तीचा अर्ज करण्यासाठी मुदत देतं. ती विसरलात, तर सगळी मेहनत वाया जाते. सरकारी देणं, फसवणुकीतून झालेलं देणं आणि पोटगी यातून मुक्ती मिळत नाही. मुक्त होईपर्यंत ५० रुपये किंवा जास्त उधार घेताना आपण नादार आहोत हे सांगावं लागतं, न सांगणं हा गुन्हा आहे. ग्रामपंचायतीलाही तोवर उभं राहता येत नाही.

ज्याच्याकडे एकच हप्त्याची गाडी आणि एकच फायनान्स आहे, त्याने हा अर्ज करू नये. त्याने फायनान्सशी तडजोड करावी, जमलं तर लोकअदालतीत. तिथला निवाडा दोघांना बांधतो, त्यावर अपील नाही. एकरकमी तडजोड झाली, तर पत्र आधी, पैसे नंतर, तेही बँकेतून. मग नाहरकत दाखला आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत एचपी उतरवून घ्या. ते राहिलं, तर पुढे गाडी विकताना पुन्हा त्याच दारात उभं राहावं लागतं.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते. जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो. बाकीच्यांपैकी बहुतेकांना उत्पन्नाच्या मर्यादेत. १५१०० वर फोन केला तरी चालतो. येताना आरसी, कर्जाचा करार, खात्याचा उतारा, विमा, आलेली सगळी पाकिटं आणि कोणाचं किती देणं आहे त्याची हाताने लिहिलेली यादी आणा. यादीत सावकाराचं नावही लिहा. लाजेने ते वगळलं, तर हिशेब जुळत नाही.